जरा म्हणजे किती?

गणपतीला अठरा दिवस उरले होते आणि माझा तबला पुढे पळत होता.

फार नाही, जरासाच. पण पेटी समेवर पोचायच्या आत हा तिथे हजर. यजमानांनी 'चला, पानं मांडली' म्हणायच्या आधीच पाटावर मांडी ठोकून बसलेल्या पाहुण्यासारखा. त्याला मागे ओढायचं काम मी आठवडाभर करत होतो. कॉम्प्युटरवर गाणं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ट्रॅकसमोर चौकटींची एक रांग असते. त्यातल्या एका चौकटीत आकडा टाकला की तो ट्रॅक तेवढा पुढे किंवा मागे सरकतो. इतकं सोपं. मी चौकटीवर क्लिक केलं, मनाशी म्हटलं, 'जरा मागे घेऊ या,' आणि थांबलो. चौकटीतली रेघ लुकलुकत होती. तिला आकडा हवा होता आणि माझ्याकडे नुसतं 'जरा' होतं.

साठी उलटेपर्यंत माझं सगळं आयुष्य 'जरा'वर निघालं. बँकेत असताना 'जरा बसा, साहेब येतीलच' एवढ्या भांडवलावर मी काउंटरवरची रांगच्या रांग खेळवली आहे. 'जरा सरकून घ्या'वर लोकलमध्ये चौथी सीट मिळवली आहे. 'जरा जाऊन येतो' म्हणून बाहेर पडलं की तीन तास घरी विचारणारं कोणी नाही. हा शब्द नेमका किती लांबीचा, हे मोजायची वेळ आजवर कोणावर आली नव्हती. ती माझ्यावर आली.

दुपारी जेवताना मी म्हटलं, "आमटीत मीठ जरा कमी आहे."

"जरा म्हणजे किती?" ही म्हणाली.

मी चमकून वर पाहिलं.

"आठवडाभर त्या डब्यापुढे बसून हेच तर पुटपुटताय. पाठ झालंय मला." ती वाटी घेऊन आत गेली. वाटीवर चमचा वाजला, वाटी परत आली. मी भुरका मारला. आता बरोबर होती. तिला आकडा लागला नाही.

हे सगळं सुरू झालं सोसायटीच्या सभेत. डोंबिवलीतली आमची विंग चार मजली, मजल्यावर चार, अशी सोळा बिऱ्हाडं. इथे माणसं नावानं कमी आणि फ्लॅटच्या आकड्यानं जास्त ओळखली जातात. '२०१ चिडलेत', '४०२ चा आवाज चांगला आहे', '३०४ ला सांगू नका' ही आमची भाषा. मी १०३.

गणपतीतल्या गाण्याच्या कार्यक्रमाला यंदा पेटीवाले मिळेनात, आणि तबलजींच्या तारखा आषाढातच गेलेल्या. सेक्रेटरी, म्हणजे २०१, म्हणाले, "हल्ली सगळे ट्रॅकवरच गातात. आपणही ट्रॅक लावू." पण ४०२ च्या वहिनींना बाजारातला एकही ट्रॅक त्यांच्या पट्टीत सापडत नव्हता. शिवाय ३०१ चे अण्णा स्वतः रचलेलं स्वागतगीत गाणार होते, त्याचा ट्रॅक पृथ्वीतलावर कुठेच नव्हता. (का नव्हता, ते कार्यक्रमात सगळ्यांना कळलं.) तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यात काय! कॉम्प्युटरवर पंधरा मिनिटांत होतं."

सभेत एकदम शांतता पसरली. अशी शांतता मी फक्त मेंटेनन्स वाढवायच्या ठरावाला ऐकली होती. पुढच्याच मिनिटाला इतिवृत्तात नोंद झाली. सूचक मी, अनुमोदक, ज्यांना ज्यांना हे काम नको होतं ते सगळे. माझी सांगीतिक पात्रता कोणी विचारली नाही. आठवीत असताना मी दोन महिने पेटीच्या क्लासला जात होतो. तो क्लास मास्तरांनी सोडला.

मुलगा बंगळुरूला असतो. त्यानं तिथून माझ्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर चढवलं, माळ्यावरून त्याचा कॉलेजातला कीबोर्ड काढायला लावला आणि म्हणाला, "बाबा, आधी एक लक्षात घ्या. मिडीत आवाज नसतो."

"मग मी ऐकतोय ते काय?"

"मिडी म्हणजे नुसत्या सूचना. कुठला स्वर, कधी दाबला, किती जोरात, कधी सोडला. त्यावरून आवाज काढणारा वेगळाच."

"म्हणजे पोहे नाहीत, पोह्यांची कृती?"

"बरोबर."

"आणि करणारा असेल तसे पोहे?"

"बाबा, तुम्हाला जमेल हे," तो म्हणाला आणि त्यानं लगेच फोन ठेवला.

ही कृती लिहायची पद्धत १९८३ ची. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यांच्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीनं जोडले. एकावर वाजवलं आणि दुसरा बोलला. कॅलिफोर्नियाचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी ही यामागची मुख्य माणसं. एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र बसून एक भाषा ठरवली, आणि तीस वर्षांनी, २०१३ साली, या दोघांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळालं. आमच्या ए आणि बी विंगला पाण्याचा पंप कोणी कधी चालू करायचा हे २०११ पासून ठरवता आलेलं नाही. ग्रॅमीचं सोडाच, पाणीही मिळत नाही.

या भाषेत सोळा चॅनल असतात. सोळा म्हटल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. सोळा बिऱ्हाडं, प्रत्येकाचं वाद्य वेगळं, जो तो आपापल्या दारामागे. दहाव्या बिऱ्हाडाची एक मेख आहे, पण ती मला तेव्हा कुठे माहीत होती!

१९९१ साली वाद्यांचीही एक ठरीव यादी झाली. १२८ वाद्यं, प्रत्येकाला क्रमांक. ती मी छापून घेतली आणि लाल पेन घेऊन बसलो. तबला नाही. पेटी नाही. सतार आहे, शहनाई आहे. शेवटाकडे गेलं तर १२५ वर टेलिफोनची घंटा, १२६ वर हेलिकॉप्टर, १२७ वर टाळ्या आणि १२८ वर बंदुकीचा बार. म्हणजे हेलिकॉप्टरमधून कोणी गोळीबार करत आलं तर साथसंगत तयार आहे. भजन म्हणायचं असेल तर पंचाईत. पेटीचं काम मी परदेशी रीड ऑर्गनवर भागवलं, तबल्याचं बोंगोवर. बोंगोला तबला म्हणायची घरात सगळ्यांना सवय लावली.

उद्घाटनाला शहनाईच हवी, असं २०१ नी बजावलं होतं. यादीत शहनाई ११२ वर. मी चौकटीत ११२ टाकलं, २०१ ना बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं. टिण टिण टिण. अगदी मंगल सुरावट, पण छोट्या घंटीवर.

२०१ नी खिडकीतून खाली डोकावून पाहिलं. "कुल्फीवाला आलाय वाटतं," ते म्हणाले. "जाऊ द्या त्याला, मग ऐकू."

मी घाईघाईनं सतार लावली, १०५. बॅंजो निघाला. सगळेच एकेक घर पुढे सरकून बसलेले.

"बाबा," रात्री मुलगा म्हणाला, "छापील यादी एकपासून मोजते. तुमचं सॉफ्टवेअर शून्यापासून. एक कमी करा."

"शून्यापासून कोण मोजतं?"

"तुम्ही. पार्किंगला पहिला मजला म्हणता का?"

बँकेत एका रुपयाच्या फरकासाठी मी रात्री नऊपर्यंत बसून हिशेब जुळवला आहे. पण एकाच्या फरकानं शहनाईची कुल्फी होते, हे काही पाहिलं नव्हतं.

मग ते दहावं बिऱ्हाड. वहिनींच्या गाण्यात बासरीची एक ओळ होती, ती मी नव्या ट्रॅकवर घेतली. रांगेत हा ट्रॅक दहावा, म्हणून सॉफ्टवेअरनं त्याला चॅनलही दहावा दिला. मिडीच्या सोसायटीत दहावं घर तालवाद्यांसाठी राखून ठेवलेलं असतं. तिथे बासरी राहायला गेली तरी तिची बासरी राहत नाही. एकेका स्वराला एकेक बडवायचं वाद्य चिकटवलेलं असतं. मी पहिल्यांदा सरळ सारेगम वाजवून पाहिलं. 'सा'ला बोंगो. 'रे' आणि 'ग'ला कोंगा. 'म'ला टिंबाले म्हणून काहीतरी पत्र्यासारखं. 'प'ला घंटा. 'ध'ला खुळखुळा. 'नी'ला आखूड शिट्टी. आणि वरच्या 'सा'ला, म्हणजे गवई जिथे डोळे मिटून कानावर हात नेतात तिथे, लांब शिट्टी.

माझा विश्वास बसेना. मी तो 'सा' पुन्हा लावला. दोन मिनिटांत वॉचमन धापा टाकत दारात. "बोलावलंत साहेब?"

नाही म्हणून त्याला परत पाठवलं आणि आता तरी बासरी येते का म्हणून पाहिलं. पुन्हा वॉचमन. तिसऱ्यांदा तो काठी घेऊनच आला.

वहिनी ट्रॅक ऐकायला आल्या. त्यांचा आवाज खरोखरच चांगला आहे. त्या हा लेख वाचणार आहेत म्हणून लिहीत नाही. ट्रॅक काळी दोनमध्ये होता.

"भावजी, एक पट्टी वर घ्या. काळी तीन."

मी पट्टीच्या चौकटीत १ टाकला. त्यांनी अर्धी ओळ गुणगुणली आणि थांबल्या. "ही पांढरी तीन झाली."

"तीनच म्हणालात ना?"

"काळी तीन!"

पेटीच्या पट्ट्यांचे आकडे ज्यानं ठरवले त्याला आमच्या बँकेनं शिपाई म्हणूनही घेतलं नसतं. काळी एक ते काळी दोन ही दोन पावलं. काळी दोन ते काळी तीन मात्र तीन पावलं, कारण मध्ये दोन पांढऱ्या एकमेकींना खेटून बसल्यात. थोडक्यात, वहिनींचं एक म्हणजे सॉफ्टवेअरचं तीन. मी ३ टाकले. एकेका ट्रॅकला कुठे टाकत बसा, म्हणून सगळे एकदम निवडून टाकले. सगळ्यांत दहावा चॅनलही आला. इतर घरांत तीन पावलं चढलं की सूर चढतो. तालवाद्यांच्या घरात तीन पावलं चढलं की माणूस भलत्याच्याच दारात उभा राहतो. ठेक्यातल्या बास ड्रमचा क्रमांक ३६. त्यात ३ मिळवले की ३९, आणि ३९ वर असतात टाळ्या.

गाणं सुरू झालं. पहिल्याच समेला टाळी पडली. मग दर समेला पडायला लागली. वहिनींनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मी ओशाळून बंद करायला गेलो. "अय्या," वहिनी म्हणाल्या, "असू द्या की."

अण्णांचं दुखणं निराळं. त्यांना पट्टी नको होती, श्रुती हवी होती.

"गंधार जरा उतरता हवा," ते म्हणाले.

"किती?"

"जरा."

"अण्णा, इथे आकडा टाकावा लागतो."

"अरे, गंधाराला कसला आकडा? तो असा..." आणि त्यांनी हवेत हातानं एक वळण काढलं. जिलबीसारखं होतं.

पेटीला हे वळण जमत नाही, म्हणूनच तर आकाशवाणीनं १९४० साली तिला बाहेर काढलं आणि पुढे तीसेक वर्षं आत घेतलं नाही. मिडीला जमतं. स्वर वाकवायला तिथे ० पासून १६३८३ पर्यंत आकडे असतात. बरोबर मधला ८१९२, म्हणजे न वाकवलेला. एका 'जरा'ची इतकी उत्तरं निघू शकतात हे मला त्या रात्री समजलं. मी ८००० केलं. "अजून जरा." ७८००. "छे, आता पार पडला." ७९००. "हा कोरडा वाटतो." त्यात आणखी एक भानगड अशी की हे वाकवणं सबंध चॅनलला लागतं. एकट्या गंधाराला धरून उतरवता येत नाही. त्याच्या बरोबर वाजणारा पंचमही घसरतो, षड्जही घसरतो. आजोबांना तेवढं जिन्यावरून खाली आणायला जावं आणि मागोमाग अख्खं बिऱ्हाड चपला घालून उतरावं, तसं. तेवढ्यासाठी गंधाराला वेगळा चॅनल काढून दिला. स्वतंत्र ब्लॉक. रात्री दहाला अण्णांनी डोळे मिटले, मान हलवली. "आहा! आता कसा लागला!"

मी चौकटीत पाहिलं. ८१९२.

अण्णांना मी काही बोललो नाही. पण ती गोष्ट डोक्यात कुठेतरी राहिली.

तबला अजून पुढेच होता. मी त्याला १० नं मागे घेतलं, २० नं घेतलं. हे आकडे टिकचे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका मात्रेचे ४८० टिक. मिनिटाला १२० मात्रांची लय असली की एक टिक म्हणजे सेकंदाचा साधारण हजारावा भाग. एवढ्यानं काय होणार! शेवटी चिडून मी 'क्वांटाइझ'चं बटण दाबलं. हे बटण प्रत्येक स्वराला मानगूट धरून जवळच्या रेषेवर नेऊन बसवतं. त्याचा परिणाम असा झाला की आधी अंदाजे उशिरा येणारी पेटी आता अचूक उशिरा यायला लागली. वहिनींनी ऐकून विचारलं, "पेटी कोणी वाजवलीय? नोटा मोजायच्या मशीननं?"

तीस वर्षं मी त्या मशीनच्या शेजारी बसलो होतो. लागायचं तिथे लागलं.

यावरही उतारा होता. 'ह्युमनाइझ'. माणूसपण किती टक्के हवं ते विचारतं आणि तेवढ्या चुका इकडेतिकडे पेरतं. मी १५ टक्के माणूसपण घेतलं. माझ्या स्वतःच्या चुका यंत्रानं काढल्या होत्या. त्या जागी त्यानं आपल्या घातल्या. माझ्या बऱ्या होत्या असं ही म्हणाली.

"बाबा, तबला कशावर ऐकताय?" मुलानं एका रविवारी विचारलं.

"सूनबाईनं दिलेल्या त्या ब्लूटूथ स्पीकरवर. छान आवाज आहे."

"आणि पेटी वाजवताना?"

"कीबोर्डला स्वतःचा स्पीकर आहे ना."

तिकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग हसणं ऐकू आलं. ब्लूटूथनं आवाज पोचायला सेकंदाचा काही भाग जातो. तबला लॅपटॉपमधून वेळेवर निघत होता, माझ्या कानाशी उशिरा येत होता, आणि मी त्या उशिराच्या तबल्याबरोबर अगदी इमानानं पेटी वाजवत होतो. म्हणजे तबला कधी पळतच नव्हता. मीच मागे राहत होतो. दोन आठवडे मी एका निरपराध बोंगोला बोल लावला होता. पेटीच्या ट्रॅकपुढे उणे १४५ टाकलं आणि दोघं हातात हात घालून समेवर आली. 'जरा'चा एक तरी आकडा हाती लागला. तोही त्या स्पीकरपुरता.

यानंतर खरं तर काम संपायला हवं होतं. पण आता आवाजाच्या पातळ्या आल्या.

प्रत्येक ट्रॅकला आवाजाचा एक दांडा असतो, ० ते १२७. शंभर का नाही, हे विचारायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. तालमीला २०३ च्या आई आल्या. त्यांच्या मुलानं गिटारचा ट्रॅक वाजवून दिला होता. "गिटार जरा दबतेय हो," त्या म्हणाल्या. गिटार ११० केली. अण्णा म्हणाले, "गिटारीखाली पेटी गुदमरतेय." पेटी ११५. १०१ च्या पोरानं ठेक्यात झांजा घातल्या होत्या. त्याचे आजोबा रोज संध्याकाळी दारात उभे राहून काही न बोलता नुसते कानामागे हात धरत. झांजा १२०. चौथ्या दिवशी सगळेच्या सगळे १२७ वर जाऊन बसले होते आणि प्रत्येकाची तक्रार अगदी पहिल्यासारखीच शिल्लक होती. मी एकदा १४० टाइप करून पाहिलं. चौकटीनं वाद घातला नाही, कारण विचारलं नाही, मुकाट्यानं १२७ करून परत दिलं. आमच्या सभेला असा अध्यक्ष मिळाला तर!

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री साडेअकराला शेवटचा एक स्वर दुरुस्त करत होतो. पंचम दाबला, आणि त्याच क्षणी माझाच पाय कीबोर्डच्या वायरीत अडकून ती निसटली. मिडीत स्वर दाबल्याची सूचना वेगळी आणि सोडल्याची वेगळी. दाबल्याची पोचली होती. सोडल्याची वायरीबरोबर गेली. लॅपटॉपमधल्या रीड ऑर्गनला वाटलं, अजून दाबलेलाच आहे, आणि तो वाजवत राहिला. ऑर्गनला श्वास घ्यावा लागत नाही. मी सगळी बटणं दाबली. पंचम चालू. दाराची बेल वाजली. ३०४ लुंगीवर उभे. "हा कुठला राग म्हणायचा?" त्यांनी विचारलं. मी धावत जाऊन घराचा मेन स्विच पाडला. गडद अंधार झाला, पंखे थांबले. पंचम चालूच, कारण लॅपटॉप बॅटरीवर.

ही मोबाइलचा टॉर्च लावून आली. "इथे 'पॅनिक' लिहिलंय, ते काय आहे?"

घाबरल्यावर दाबायचं बटण खरोखरच असतं. पण ते घाबरलेल्या माणसाला दिसेल अशा आकाराचं करत नाहीत. तिनं दाबलं. आमच्या विंगमध्ये इतकी सुंदर शांतता मी पूर्वी ऐकली नव्हती.

वायरीची पिन मात्र वाकली. सकाळी नवी आणायला निघालो तर आतून आवाज आला, "येताना मिठाचा पुडा आणा हो. आमटीपुरतंच आहे." मी 'हो' म्हटलं. स्टेशनजवळच्या तीन दुकानांत फिरून वायर मिळवली, रिक्षानं परत आलो, पार्किंगमधल्या मांडवात लॅपटॉप लावला आणि दिवसभर तिथेच राहिलो.

संध्याकाळी शहनाई शहनाईसारखी वाजली. २०१ नी भाषण संपवलं, पहिलं गाणं सुरू झालं, आणि मी प्रेक्षकांकडे पाहिलं. गिटारीच्या आई हातानं 'जरा वर, जरा वर' करत होत्या. झांजांचे आजोबा कानामागे हात धरून पहिल्या रांगेत. अण्णा बाजूला येऊन कुजबुजले, "तबला जरा मागे, पेटी जरा पुढे, आणि एकंदरीत जरा..." पुढचा शब्द त्यांना सापडला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा ती जिलबी काढून दाखवली. माझे सगळे दांडे छताला टेकलेले. वर जागा नाही, खाली आणायची हिंमत नाही.

तेव्हा मला सोळावा चॅनल दिसला.

त्यात काहीच नव्हतं. आमचा ४०४ आहे ना, मालक दुबईला, सहा वर्षं कुलूप, तसा. पण त्यालाही दांडा होता. मी गिटारीच्या आईंकडे पाहून मान डोलावली आणि तो रिकामा दांडा सावकाश, त्यांना दिसेल असा, ६० वरून ७० वर नेला. त्यांचा चेहरा उजळला. शेजारणीला त्या काहीतरी म्हणाल्या, शेजारणीनंही मान हलवली. आजोबांसाठी ८० केला. आजोबांनी कानामागचा हात खाली घेतला, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. अण्णांसाठी जरा खाली, मग जरा वर. "बास, बास! इथेच ठेव. आता कसं भरलंय!" मांडवाच्या टोकाहून २०१ नी अंगठा दाखवला. वहिनींचं गाणं झालं, समेसमेला टाळ्या पडत होत्या, आणि त्यातल्या मांडवातल्या किती नि ३९ नंबरच्या किती, हे मोजायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

कार्यक्रम संपला तेव्हा तो रिकामा दांडाही १२७ वर पोचला होता.

रात्री अकराला घरी आलो. हिनं पान वाढलं. मी नुसता फुगलो होतो. सोळाव्या चॅनलची सगळी हकिगत मी तिला रंगवून सांगितली. "अगं, लोकांना काय, दांडा हललेला दिसला की झालं! कान कोणाला असतात? आम्ही कलावंत म्हणून..."

ती ऐकत होती. मी आमटीचा भुरका मारला.

"मीठ जरा कमी आहे," मी म्हटलं.

ती काही न बोलता वाटी घेऊन आत गेली. वाटीवर चमचा वाजला. वाटी परत आली. मी पुन्हा भुरका मारला.

"हं! आता कशी झाली!"

"हो ना?" ती म्हणाली, आणि पदराला हात पुसत समोर बसली. "बरं, सकाळी सांगितलेला मिठाचा पुडा कुठे ठेवलात? दुपारपासून डबा पालथा घालून ठेवलाय."